चार सुरांची फोलिया

स्पेनमधल्या वायादोलिद शहरात १५३८ साली लुईस दे नार्वाएझ या वादकाचं विउएलासाठीचं पुस्तक छापून आलं. विउएला म्हणजे दिसायला गिटारसारखंच, पण तारांच्या सहा जोड्यांचं वाद्य. ते वाजवणारी माणसं दरबारात ऊठबस असलेली, आणि हे पुस्तक अर्पण केलंय तेही सम्राट पाचव्या चार्ल्सच्या चिटणिसाला. त्यात गंभीर फँटसिया, म्हणजे मोकळ्या बांधणीच्या वाद्यरचना आहेत, चर्चमधल्या रचनांची रूपांतरं आहेत आणि शेवटच्या भागात गाईंचं गाणं आहे. एक मुलगी गुराख्याला म्हणते, "माझ्या गाई राख रे." तो म्हणतो, "आधी मुका दे, मग राखतो." या गाण्याचं नाव 'ग्वार्दामे लास वाकास'.

नार्वाएझनं त्यावर आधी चार आणि मग निराळ्या अंगानं आणखी तीन 'दिफेरेन्सियास' लिहिल्या. आज आपण ज्यांना व्हेरिएशन्स, म्हणजे एकाच चालीची बदलत गेलेली रूपं, म्हणतो त्यांचा छापील इतिहास याच पुस्तकापासून धरतात. मला त्यात गंमत वाटते ती ही, की मूळ गाणं त्यात कुठेच नाही. पान उघडलं की थेट 'पहिली दिफेरेन्सिया' सुरू. गाणं काय, सगळ्यांना पाठच होतं. ते पुन्हा कशाला वाजवायचं?

सरांनी हे शिकवायला घेतलं तेव्हा आधी तिसरी तार अर्धा स्वर उतरवायला लावली आणि तिसऱ्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा, चढवला. असं केलं की गिटार विउएलाच्या मेळाच्या जवळ जाते. सर मडगावचे. शिकवताना मराठीतून कोकणीत कधी शिरतात ते त्यांनाही कळत नाही. मी वरची सुरावट घासूनपुसून वाजवत होते तर म्हणाले, "वरचं सोड गो. बास ऐक. हलतो काय बघ."

तो हलत नाही. सातही वेळा बासची, म्हणजे सगळ्यात खालच्या सुरांची, तीच वाट, त्याच क्रमानं. वर कधी सुरांची धावपळ, कधी दोन आवाजांची कुजबुज. खाली मात्र ठरलेल्या पायऱ्या उतरून पुन्हा वर. या बासला संगीताच्या इतिहासात रोमानेस्का म्हणतात. या लेखात मला लिहायचंय ते तिच्या सख्ख्या बहिणीबद्दल, फोलियाबद्दल. तीही अशीच एक ठरलेली चौकट, जिच्यावर व्हेरिएशन्स रचत जायची. सख्खी अशासाठी, की फोलियाच्या ओळीचा दुसरा अर्धा भाग म्हणजे जवळजवळ रोमानेस्काच. फक्त फोलियाचं नशीब फार मोठं निघालं.

फोलियाची आज सगळ्यांना माहीत असलेली सुरावट लिहायला काहीच अवघड नाही. डी या स्वराला सा धरा. पहिली ओळ: सा नि सा रे ग रे सा नि. दुसरी ओळ: सा नि सा रे ग रे, सानि सा. गंधार कोमल, निषाद मंद्रातला आणि शुद्ध. झालं. एकूण चार सूर, दोन ओळी, आणि दोन्हीत फरक काय तो शेवटाकडे.

माझा मामा आयुष्यभर तबला वाजवत आलाय. त्याला ही ओळ ऐकवली तर तो लगेच म्हणाला, "अगं, हा तर पिलू." पिलू रागाच्या चलनात हे वळण आहेच, तेव्हा त्याचं म्हणणं खोडून काढायचा प्रश्न नव्हता. मग मी खालचा बास वाजवला: सा प सा नि ग नि सा प. इथला निषाद कोमल. वर शुद्ध, खाली कोमल, आणि दोघांचं भांडण नाही. मामानं भुवया उंचावल्या, बोटांवर मात्रा मोजल्या. तीन-तीन मात्रांचे सोळा खंड, म्हणजे अठ्ठेचाळीस. "दादऱ्याची आठ आवर्तनं होतात की," तो म्हणाला. "धर तू, लेहरा म्हणून धर." लेहरा म्हणजे तबल्याच्या साथीला सतत फिरत राहणारी सुरांची ओळ. मी तीच ओळ पुन्हा पुन्हा वाजवत राहिले आणि तो तबल्यावर हवं ते करत राहिला.

फोलियाबद्दल बरंच वाचलं होतं, पण ते नीट उमगलं त्या संध्याकाळी. सोलो तबल्याच्या मैफिलीत लेहरा कुणी ऐकायला जात नाही. तरी तो थांबला तर सगळं कोसळेल. लेहरा फार देखणा असून चालत नाही. कान त्याच्याकडे वळले की तबला मागे पडतो. फोलियाचं असंच आहे. ती इतकी गरीब आहे म्हणून तिच्यावर चारशे-पाचशे वर्षं इमले चढले. एखादी खरोखर अप्रतिम चाल घेतली की रचनाकाराचा हात आखडतो, तिला धक्का लावायचा जीव होत नाही. फोलियाच्या बाबतीत तसला संकोच कुणालाच वाटला नाही.

मामाला मात्र एक गोष्ट खटकली. तबल्यातला कायदा म्हणजे ठरावीक बोलांची रचना; तिचे पलटे, म्हणजे बदल, करताना कायद्यातलेच बोल वापरायचे, बाहेरचा बोल आला की तो पलटा नव्हे. इथे तर वाटेल तो सूर चालतो? चालतो. फोलियाची शिस्त शब्दांची नाही, क्रमाची आहे. कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर, ठरलेल्या क्रमानं आल्या पाहिजेत आणि लांबी पाळली पाहिजे. "मग सोपंच आहे," असं म्हणून त्यानं तबल्याची गवसणी ओढली. सोपं नाही, पण त्याला ते पटवण्याच्या फंदात मी पडले नाही.

आता खरी मजेची गोष्ट. ती चार सुरांची ओळ, जिला आपण फोलिया म्हणतो, ती मुळात फोलियाच्या मानानं बरीच नवी आहे. आधी होत्या कॉर्ड्स आणि बास. त्यांच्यावर वेगवेगळ्या सुरावटी गायल्या-वाजवल्या जात. त्यांतली एक सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात घट्ट चिकटली आणि पुढे तीच मूळ असल्याच्या थाटात वावरू लागली. ज्याला आपण विषय समजतो तीच एक व्हेरिएशन, फक्त फार लोकप्रिय झालेली.

हे कळतं ते गिटारच्याच कागदांवरून. १६०६ साली फ्लॉरेन्समध्ये जिरोलामो मॉन्तेसार्दोनं स्पॅनिश गिटारसाठी एक पुस्तक काढलं. स्वरलिपी नको, आकडे नकोत, प्रत्येक कॉर्डला एक अक्षर. या पद्धतीला अल्फाबेतो म्हणतात. आपण नेहमी वापरतो त्या कॉर्डच्या नावांशी या अक्षरांचा काही संबंध नाही, तेव्हा गोंधळू नका: डी मायनरला ई, ए मेजरला आय, सी मेजरला बी, एफ मेजरला जी. म्हणजे फोलियाची पहिली ओळ झाली ई आय ई बी जी बी ई आय. एक आडवी रेघ, तिच्यावर अक्षरं, आणि रेघेच्या वरखाली छोट्या उभ्या खुणा. खालची खूण म्हणजे हात खाली, वरची म्हणजे हात वर. आज कॉलेजातली मुलं गाण्याच्या ओळीवर कॉर्डची नावं लिहून घेतात, तोच हा प्रकार, चारशे वर्षांपूर्वीचा. या कागदावर सुरावट नाहीच. नुसत्या कॉर्ड आणि मनगट. स्वरलिपी न येणाऱ्या हौशी माणसांना गिटार हातात घेऊन चार घटका गाता-नाचता यावं यासाठी हा खटाटोप, आणि फोलिया त्यात अगदी घरची.

नाचता यावं म्हटलं, कारण फोलिया मुळात नाच होता, आणि तोही भलताच. सालामांकाचे अंध संगीतपंडित फ्रान्सिस्को दे सालिनास यांनी १५७७ सालच्या ग्रंथात तिचं मूळ पोर्तुगीज सांगितलंय. १६११ सालच्या आपल्या कोशात सेबास्तियान दे कोवारुब्यास लिहितात की हा पोर्तुगीज नाच खंजिऱ्यांच्या गलक्यात चालतो. काही जण बाईच्या वेशातल्या पोरांना खांद्यावर घेऊन नाचतात, आणि वेग असा की नाचणाऱ्यांची शुद्ध हरपली आहे असंच वाटावं. आज फोलिया ऐकताना हे चित्र डोळ्यांपुढे आणून बघा. जमत नाही. आज आपण ऐकतो ती फोलिया म्हणजे काळ्या कपड्यातली, हळू चालणारी, दुसऱ्या मात्रेवर किंचित रेंगाळणारी विधवा. शंभरेक वर्षांत तिचा असा कायापालट झाला. त्यात फ्रान्सच्या दरबाराचा हात मोठा. लुलीनं १६७२ मध्ये ओबो वाद्यांसाठी फोलिया बांधली ती या शांत, तोलून पावलं टाकणाऱ्या अवतारात. पुढचे सगळे रचनाकार याच अवतारावर काम करत राहिले. मूळ धिंगाणा कुणी परत आणला नाही याचं मला थोडं वाईट वाटतं.

मात्र त्या आधीच्या काळातली एक रचना अशी आहे की तिच्यात वेडेपणाचा अंश शिल्लक आहे. आलोन्सो मुदार्रा याचं पुस्तक सेव्हिल इथे १५४६ मध्ये निघालं. चार जोड्यांच्या छोट्या गिटारसाठी छापलेलं सगळ्यात जुनं संगीत याच पुस्तकात आहे. त्यात विउएलासाठी एक फँटसिया आहे, लुदोविको नावाच्या हार्पवादकाची नक्कल करणारी. राजा फर्डिनांडच्या दरबारातला हा लुदोविको. त्या काळच्या हार्पवर मधले कोमल-तीव्र सूर नसत, पण हा पठ्ठ्या बोटानं तार दाबून ते काढायचा. मुदार्रानं फोलियाचा साचा खाली फिरत ठेवून वर त्या हार्पची सरमिसळ उभी केली आहे, एकमेकांत गुंतलेले सूर, भलत्याच मात्रेवर पडणारा भार. शेवटाकडे तर सूर उघड उघड एकमेकांना टोचायला लागतात. तिथे त्यानं टीप दिली आहे: इथून शेवटाजवळपर्यंत काही खोटे सूर आहेत, नीट वाजवले तर वाईट वाटत नाहीत. साडेचारशेहून जास्त वर्षांपूर्वीच्या माणसाला आपला वाचक ते सूर छपाईची चूक समजून 'दुरुस्त' करेल ही धास्ती वाटली होती. मला ही टीप त्या फँटसियाइतकीच प्रिय आहे.

गास्पार सान्सचं पुस्तक सारागोसात १६७४ मध्ये आलं. सान्स धर्मशास्त्र शिकलेला, पुढे इटलीत जाऊन संगीत शिकलेला माणूस. गिटार आता पाच जोड्यांची. त्याच्या पुस्तकात तारा कशा लावाव्यात यावर जे आहे ते वाचून मी चक्रावले. कॉर्ड झोडायच्या असतील तर जाड तारा लावा, तो म्हणतो. पण बोटांनी छेडून नाजूक वाजवायचं असेल तर रोममध्ये लावतात तशा सगळ्या बारीकच लावा. म्हणजे चौथी आणि पाचवी जोडीही वरच्या सप्तकात. असं केलं की एकेका सुरासाठी वेगळी तार वापरून घंटांच्या किणकिणाटासारखी तान काढता येते. तिला काम्पानेला म्हणतात. पण मग खाली काय उरलं? ज्या बासवर सगळी फोलिया उभी, तो बासच या गिटारला धड वाजवता येत नाही! तरीही सान्सची फोलिया ऐकताना बास ऐकू येतो. कान तो आपणहून भरतो. नार्वाएझनं गाणं गाळलं आणि ऐकणाऱ्यांनी ते मनात धरलं. सान्सनं बास गाळला आणि लोकांनी तोही मनात धरला. मामाशी याबद्दल बोलले तर तो म्हणाला, "लेहरेवाला एखादं आवर्तन थांबला, तर बाकीच्यांच्या डोक्यात चालू असतोच ना?"

कोरेल्लीचं नाव इथे घ्यावंच लागतं, जरी तो व्हायोलिनवाला असला तरी. १७०० साली रोममध्ये निघालेल्या त्याच्या पाचव्या ओपसातली शेवटची सोनाटा फोलियावर आहे आणि ती इतकी गाजली की पुढे लोकांना ही चाल त्याचीच वाटायला लागली. १९३१ मध्ये रखमानिनोव्हनं पियानोसाठी या चालीवर वीस व्हेरिएशन्स लिहिली तेव्हा शीर्षकातच 'कोरेल्लीच्या विषयावर' असं घातलं. गुराखी, मनगटं आपटणारे हौशी वादक, खांद्यावर पोरं घेऊन नाचणारे पोर्तुगीज, सगळे एका नावाखाली गुडुप.

एकोणिसाव्या शतकाबद्दल मी थोडक्यात सांगणार आहे, कारण तिथे माझं मन फारसं रमत नाही. गिटारला आता सहा एकेरी तारा आल्या, व्हिएन्ना-पॅरिसमध्ये तिचं वेड पसरलं, आणि व्हेरिएशन्स हा बैठकीत टाळ्या घेण्याचा हमखास मार्ग झाला. लोकप्रिय ऑपेरातली चाल घ्या, आधी तिचे तीन-तीन सूर करा, मग चार-चार, मग एक मायनरमधली हळवी, शेवटी धडाका. माउरो जुलियानीच्या सहा फोलिया-व्हेरिएशन्समध्ये हात फार सफाईनं लिहिलेले आहेत. वाजवताना बोटांना सुख होतं. पण ऐकून उठल्यावर माझ्या डोक्यात काही राहत नाही. फर्नांदो सोरची फोलिया छोटी आणि जास्त मुरलेली आहे. नेपोलियनच्या युद्धात फ्रेंचांच्या बाजूला राहिलेला हा बार्सेलोनाचा माणूस १८१३ मध्ये देश सोडून गेला तो परत आला नाही. त्याच्या फोलियाच्या शीर्षकातला स्पेनही फ्रेंचमध्ये लिहिलेला आहे. या माहितीचा आपल्या ऐकण्यावर परिणाम होऊ नये, पण माझ्या होतो.

सोरच्या त्या छोट्या रचनेचं पुढे जे झालं ते मात्र विलक्षण आहे. १९०८ च्या सुमारास मिगेल ल्योबेत यानं ती उचलली. ल्योबेतही बार्सेलोनाचा, गिटारवादक तार्रेगाचा शिष्य. त्यानं सोरचा विषय आणि सोरचीच पहिली दोन व्हेरिएशन्स जशीच्या तशी ठेवली आणि तिसऱ्यापासून स्वतः लिहायला सुरुवात केली. उष्टं म्हणायचं तर म्हणा, पण इतका मोकळा आदर मी दुसऱ्या कुठल्या संगीतात पाहिलेला नाही. तिसरं सुरू होतं तेव्हा कुणी दार उघडल्यासारखं काही होत नाही. घर तेच, फक्त बोलणारा माणूस बदललेला. मग हळूहळू त्याचा स्वभाव दिसायला लागतो. एका व्हेरिएशनमध्ये नुसते हार्मोनिक्स, म्हणजे तारेला बोट हलकेच टेकवून काढलेले सूर. एक तर फक्त डाव्या हातानं वाजवायचं, उजवा हात मांडीवर ठेवून! डाव्या हाताची बोटं तारांवर आपटून आणि ओढून सूर काढायचे. आमच्या क्लासमधल्या एका मुलानं ते वाजवलं तेव्हा त्याची आई घाबरून म्हणाली, "अरे, दुसरा हात दुखतोय का?" ही कसरत आहे हे मला कबूल, पण जुलियानीच्या कसरतीत आणि या कसरतीत फरक आहे. डाव्या हाताच्या त्या फिकट, धड न उमटणाऱ्या सुरांत फोलिया लांबच्या खोलीतून ऐकू आल्यासारखी होते.

आणि मग मानुएल पोन्से. मेक्सिकोचा हा रचनाकार १९२५ पासून काही वर्षं पॅरिसमध्ये राहिला, आपल्याहून तरुण विद्यार्थ्यांबरोबर पॉल द्यूकाच्या वर्गात बसला. गिटारवादक आंद्रेस सेगोव्हियाशी त्याची घट्ट मैत्री. दोघांचा एक खोडसाळपणा प्रसिद्ध आहे: पोन्सेनं लिहिलेली एक सुईट सेगोव्हियानं अठराव्या शतकातल्या वाइस या ल्यूटवादकाची म्हणून वाजवली आणि लोकांनी बरीच वर्षं मान डोलावली. अशा या सेगोव्हियानं पोन्सेच्या मागे लकडा लावला, फोलियावर मोठं काहीतरी दे. १९२९ मध्ये पोन्सेनं वीस व्हेरिएशन्स आणि शेवटी एक फ्यूग, म्हणजे एकच सुरावट घेऊन आवाज एकामागून एक शिरतात तशी रचना, लिहून दिला. खालची सहावी तार डीपर्यंत उतरवायची. सान्सच्या गिटारला नसलेला बास इथे असा गडद येतो की लाकूड पोटाशी थरथरतं. सेगोव्हियानं लगेच ध्वनिमुद्रण केलं, पण त्या वेळच्या तबकडीवर वीसच्या वीस मावणं शक्य नव्हतं. काही गाळली. त्यामुळे कित्येक वर्षं लोकांच्या कानात ही रचना अर्धीमुर्धीच होती.

इथे माझ्या लाडक्या सिद्धांताला धक्का बसतो. बास टिकला पाहिजे, वरचं येतं-जातं, असं मी वर ठणकावून लिहिलंय. पोन्से विषय मांडतानाच कॉर्ड बदलून टाकतो. चार सूर तेच, सा नि सा रे, पण त्यांच्याखाली दाट, जराशा धुरकट कॉर्ड, ज्यांत ई आय ई बी जी बी ई आय शोधत बसलात तर हाती काही लागणार नाही. म्हणजे त्यानं पारडं उलटं केलं. तीनशे वर्षं कॉर्ड धरून सुरावट सोडत आले. यानं सुरावट धरली आणि कॉर्ड सोडल्या. पुढे काही व्हेरिएशन्समध्ये तर दोन्ही सुटतात, आणि तरी ऐकणारा म्हणतो, फोलिया आहे. कशावरून म्हणतो? लांबीवरून? त्या दोन ओळींच्या प्रश्न-उत्तरावरून? मी सरांना विचारलं. ते म्हणाले, "तुला तेरावं नीट वाजवता येतं काय? मग पुढचं विचार." मामाला विचारलं तर तो म्हणाला की हे त्याला पिलू वाटत नाही.

शेवटच्या फ्यूगमध्ये पोन्से त्या चार सुरांनाच पुन्हा कामाला लावतो. एक आवाज सा नि सा रे म्हणत शिरतो, त्याचं संपायच्या आत दुसरा. सहा तारांवर तीन आवाज स्वतंत्र चालवणं गिटारच्या अंगाला तसं परकंच. डाव्या हाताची करंगळी रडकुंडीला येते. काही वादक फ्यूग भरधाव वाजवतात. मला तो थोडा सावकाश आवडतो, प्रत्येक आवाज ओळखू येईल इतका.

तुम्हाला फोलिया ऐकायची असेल तर कोरेल्लीपासून सुरुवात करू नका; ती इतकी ऐटदार आहे की बाकीचं फिकं वाटेल. सान्स आधी ऐका, आणि तो जुन्या पाच जोड्यांच्या गिटारवर वाजवलेला. मग मुदार्राची फँटसिया, टोचणाऱ्या सुरांपाशी नीट कान देऊन. सोर आणि ल्योबेत एकापाठोपाठ एक ऐका, मध्ये चहासुद्धा नको. पोन्सेला सुट्टीचा दिवस द्या आणि वीसच्या वीस व्हेरिएशन्स असलेलं ध्वनिमुद्रण शोधा. जुलियानी राहिला तरी चालेल. आमचे सर हे वाचून रागावणार आहेत, परीक्षेला त्यांनी मला नेमका तोच दिलाय.